शांतिसैनिकांचा नवा पाठ

सुदान देशाच्या पश्चिमेस दारफुर नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. २००३ साली तेथे यादवी सुरू झाली आणि लक्षावधी माणसे आपली गावे सोडून निर्वासितांच्या छावण्यांत येऊन राहिली. छावणीत धान्य मिळे, परंतु ते शिजविण्यास लागणारे सरपण मिळत नसे. त्यासाठी माळ तुडवीत कोसन् कोस जावे लागे. वाटेवर हत्यारबंद टोळ्या टपलेल्या असत. पुरुष गेला तर त्याला ठार मारीत, स्त्री गेली तर तिच्यावर अत्याचार होई. या दोहोंपैकी एकाची निवड करणे कुटुंबाला भागच होते, आणि मेलेला माणूस परत येत नाही, एवढ्या साध्या हिशेबाने घरोघरच्या बायका लाकडे आणण्यास बाहेर पडत.

आफ्रिकी संघाच्या शांतिसैनिकांनी, आणि २००८ पासून संयुक्त राष्ट्रे व आफ्रिकी संघ यांच्या संयुक्त पथकांनी, सरपणास जाणाऱ्या या स्त्रियांबरोबर गस्त घालण्याचा उपक्रम हाती घेतला. कल्पना सरळ होती, पण प्रत्यक्षात ती वाटली तितकी सोपी ठरली नाही. गाड्या फार पुढे गेल्या तर मागे रेंगाळलेल्या बायका उघड्या पडत. सैनिक फार जवळ आले तर त्यांचीच भीती वाटे. गस्तीचा वार आणि वेळ अधिकाऱ्यांनी आपल्या सोयीने ठरविली तर ती बायकांच्या चुलीच्या वेळेशी जुळत नसे. त्यातून सैनिकांची भाषा एक आणि त्या बायकांची दुसरी. जेथे स्त्रियांची समिती नेमून तिच्याशी वार, वाट आणि अंतर ठरविण्यात आले, तेथे गस्तीचा उपयोग झाला. जेथे कोणी काही विचारलेच नाही, तेथे गस्ती कागदावर होत राहिल्या आणि बायका पूर्वीप्रमाणेच एकट्या जात राहिल्या.

नेम धरणे, खंदक खणणे, नकाशा वाचणे या गोष्टी सैनिकाला रीतसर शिकविल्या जातात. डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईला काय विचारावे, कोणामार्फत विचारावे आणि तिच्या उत्तराचे काय करावे, हे मात्र गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणत्याही लष्करी विद्यालयात शिकविले जात नव्हते. ते शिकविले पाहिजे, हे जगातील राष्ट्रांनी एकत्र बसून मान्य केल्याला आता पाव शतक होऊन गेले आहे.

ही मान्यता मिळाली ती ३१ ऑक्टोबर २००० रोजी. त्या महिन्यात सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद नामिबियाकडे होते. नामिबिया हा स्वतःच शांतिसेनेच्या देखरेखीखाली स्वतंत्र झालेला देश होय. १९८९-९० मध्ये तेथे जे संयुक्त राष्ट्रांचे पथक गेले होते, त्याच्या लष्करी विभागाचे नेतृत्व भारताचे लेफ्टनंट जनरल प्रेमचंद यांनी केले होते. त्या कार्याच्या दहाव्या वर्षी, मे २००० मध्ये, राजधानी विंडहुक येथे एक परिषद भरली आणि शांतिकार्यात स्त्रियांचे स्थान काय असावे याविषयी तिने एक जाहीरनामा काढला. त्याच वाटेने पुढे ऑक्टोबरात सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ एकमताने संमत केला. वाटाघाटींच्या टेबलाशी स्त्रियांना जागा हवी, युद्धात त्यांचे संरक्षण व्हावे, त्यांच्यावरील अत्याचारांना माफी असू नये, या त्यातील गोष्टी पुष्कळांनी ऐकलेल्या आहेत. त्याच ठरावातील एका कलमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. स्त्रियांचे संरक्षण, त्यांचे हक्क व त्यांच्या विशिष्ट गरजा यांविषयी प्रशिक्षणाचे साहित्य सर्व सभासद राष्ट्रांना पुरवावे, असे त्या कलमात महासचिवांस सांगितले आहे, आणि शांतिकार्यावर जाणाऱ्या सैनिक व पोलिसांच्या शिक्षणक्रमात त्याचा अंतर्भाव करावा, अशी राष्ट्रांना विनंती केली आहे. ठराव पुष्कळ होतात, पण ठरावातून तासिकेचे वेळापत्रक निघणे ही विरळा गोष्ट आहे.

शब्द बदलल्याने काय होते, असे विचारणाऱ्यांनी बडोद्याच्या हंसाबेन मेहता आठवाव्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरुपदी बसण्यापूर्वी त्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल अशी जी इंग्रजी शब्दयोजना होती, ती बदलून तेथे ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द यावेत, हा आग्रह त्यांचा. जे शब्दांत नसते ते सरकारी नोंदवहीतही येत नाही, याचे प्रत्यंतर पुढे यावयाचेच आहे.

आता या वर्गात शिकवितात तरी काय? आरंभी आरंभी ठरावांचे क्रमांक, व्याख्या आणि आकडे यांचीच गर्दी असे. अधिकारी वह्या भरीत आणि चहाच्या सुट्टीची वाट पाहात. २०१० नंतर संयुक्त राष्ट्रांनी प्रसंगांवर आधारलेली शिक्षणपद्धती आणली, तेव्हा या विषयात प्राण आला. या पद्धतीत शिकणाऱ्याला एक काल्पनिक गाव दिले जाते. गावाचा नकाशा असतो, त्यात विहीर, बाजार, शाळा, जंगलाची वाट आणि दोन टोळ्यांच्या चौक्या दाखविलेल्या असतात. समजा, तुकडीने दोन दिवस गस्त घातली, कोठेही गोळी सुटली नाही, तर अहवाल काय द्यावयाचा? बहुतेक अधिकारी लिहितात, सर्वत्र शांतता आहे. मग शिक्षक विचारतो, बाजाराच्या दिवशी बाजारात बायका किती होत्या? शाळेत मुली किती आल्या? पाण्याच्या वाटेवर नवी चौकी कधी बसली? संध्याकाळ होताच कुटुंबे अंथरुणे घेऊन रानात का जातात? चौकीवरील शिपायांना पगार मिळून किती महिने झाले? गस्त घालणाऱ्या तुकडीने यांपैकी काहीच पाहिलेले नसते. पाहिले असले तरी ते ‘लष्करी माहिती’ म्हणून टिपून ठेवलेले नसते. वास्तविक अत्याचाराच्या लाटेपूर्वी जी चिन्हे दिसतात ती हीच, आणि ती दिसण्यास दुर्बीण लागत नाही.

मग पाठाचा दुसरा भाग येतो. माहिती मिळवावयाची ती कोणाकडून? गावात शिरलेला अधिकारी सवयीने मुखियाकडे जातो आणि मुखिया गावात सर्व ठीक असल्याचे सांगतो. बायकांशी बोलावयाचे तर दुभाषी पुरुष असतो, कधी कधी तर ज्या जमातीचे लोक अत्याचार करीत आहेत त्याच जमातीचा. त्याच्यासमोर कोणती बाई तोंड उघडील? म्हणून तुकडीत स्त्री सैनिक असणे हा सौजन्याचा भाग नसून कामाची गरज आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही. जिच्यावर अत्याचार झाला आहे तिला खोदून खोदून प्रश्न विचारणे हे सैनिकाचे काम नव्हे, हेही येथे शिकविले जाते. एकाने विचारले, दुसऱ्याने लिहून घेतले, तिसऱ्याने फिरून विचारले, यात तिची विटंबना दुणावते आणि न्यायालयात पुरावाही विस्कटतो. सैनिकाने तिला सुरक्षित जागी न्यावे, डॉक्टरकडे पोहोचवावे आणि पुढचे काम त्यातल्या जाणत्यांवर सोपवावे. यात वेळेला महत्त्व आहे, कारण एच.आय.व्ही.चा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगी पडतात. हा ७२ तासांचा आकडा पाठ असलेला सुभेदार एखाद्या वेळी सर्व ठराव मुखोद्गत असलेल्या कर्नलपेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

या शिक्षणाला विरोध झाला नाही असे नाही. हे सैनिकाचे काम नव्हे, हे समाजसेविकांचे काम आहे, असा आक्षेप अनेक देशांच्या अधिकाऱ्यांनी घेतला. त्याला उत्तर दिले तेही एका सैनिकानेच. नेदरलंडचे मेजर जनरल पॅट्रिक कॅमर्ट यांनी पूर्व काँगोत शांतिसेनेच्या तुकड्यांचे नेतृत्व केले होते. आजच्या युद्धात सैनिक असण्यापेक्षा स्त्री असणे अधिक धोक्याचे झाले आहे, असे त्यांनी २००८ साली स्पष्टपणे सांगितले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात सुरक्षा परिषदेने ठराव १८२० संमत केला आणि लैंगिक अत्याचार हा युद्धाचा एक डावपेच म्हणून वापरला जातो, हे मान्य केले. एकदा तो शत्रूचा डावपेच ठरला म्हणजे त्याचा अभ्यास न करणारा सेनापती आपल्या कामात कमी पडतो, हे ओघानेच आले.

परंतु वर्ग चांगला असला म्हणून रणभूमीवर सर्व काही चांगले होते, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. जुलै २०१६ मध्ये दक्षिण सुदानची राजधानी जुबा येथे सरकारी फौज आणि विरोधी फौज यांत लढाई पेटली. संयुक्त राष्ट्रांच्या तळाच्या आश्रयाला आलेल्या स्त्रिया अन्नासाठी बाहेर पडल्या असता तळाच्या आसपासच त्यांच्यावर अत्याचार झाले. तळापासून सुमारे मैलभर अंतरावरील एका निवासस्थानात मदतकार्य करणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. मदतीची हाक तळावर पोहोचली, पण तुकडी बाहेर पडली नाही. चौकशीचे काम ज्यांच्याकडे आले ते हेच कॅमर्ट, आता निवृत्त झालेले. त्यांचा अहवाल कठोर होता, आणि त्यानंतर तेथील सेनाप्रमुखांना पदावरून दूर करण्यात आले. या शिक्षणाची खरी गरज सर्वांत वरच्या खुर्चीत आहे, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. शिपायाला चिन्हे ओळखता आली तरी गाडी बाहेर काढण्याचा हुकूम देणारा माणूस वेगळा असतो.

याच दक्षिण सुदानात पुढे भारतीय लष्कराच्या मेजर सुमन गवानी लष्करी निरीक्षक म्हणून गेल्या. त्या सिग्नल दलातील अधिकारी, मूळच्या उत्तराखंडच्या. त्यांनी दोनशे तीसहून अधिक लष्करी निरीक्षकांना युद्धातील लैंगिक अत्याचारांविषयी प्रशिक्षण दिले आणि दक्षिण सुदानच्या सरकारी सैन्यालाही या विषयाचे पाठ दिले. २०१९ सालचा संयुक्त राष्ट्रांचा या क्षेत्रातील लष्करी पुरस्कार त्यांना व ब्राझीलच्या नौदलातील एका महिला अधिकाऱ्यास मिळून देण्यात आला. निरीक्षकाची कामगिरी साधारण वर्षाची असते, आणि वर्ष संपले की शिकलेला माणूस आपल्या देशी परत जातो. शिकलेल्याने पुढच्याला शिकविल्याखेरीज या विद्येला सातत्य येत नाही.

भारताचा या क्षेत्रातील अनुभव लहान नाही. १९६० नंतरच्या काँगो मोहिमेत भारताच्या वैद्यकीय पथकाबरोबर महिला अधिकारी गेल्या होत्या. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांची एक संपूर्ण तुकडी लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया येथे उतरली. केवळ महिलांची अशी पोलीस तुकडी शांतिकार्यावर जाण्याची जगातील ही पहिलीच वेळ होती. लायबेरिया तेव्हा चौदा वर्षांच्या यादवीतून नुकताच बाहेर पडला होता. ती यादवी थांबविण्यात पांढरे कपडे घालून मैदानात बसलेल्या बायकांचा मोठा वाटा होता. त्यांच्या नेत्या लेमा बोवी यांना पुढे २०११ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतीय तुकडी रात्रीची गस्त घाली, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा देई, जमाव आवरी आणि फावल्या वेळात तेथील मुलींना स्वसंरक्षणाचे धडे देई. ‘फावल्या वेळात’ हा शब्द अर्थात वरवरचा आहे. हातात बंदूक घेतलेली बाई रोज रस्त्यावर दिसणे हाच तेथील मुलींना मोठा धडा होता. एकामागून एक तुकड्या जात राहिल्या, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये शेवटची तुकडी परतली. लायबेरियाच्या सुरक्षा दलांत तेव्हा स्त्रियांचे प्रमाण शेकडा १७ झाले होते. या तुकड्या येण्यापूर्वी ते शेकडा ६ च्याही आत होते.

दिल्लीत २००० साली स्थापन झालेले शांतिकार्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे २०१५ पासून संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या साहाय्याने निरनिराळ्या देशांच्या महिला लष्करी अधिकाऱ्यांचे वर्ग भरतात. बेळगाव, महू, मोरार, सिकंदराबाद अशा छावणीच्या गावी राहणाऱ्यांना ‘मिशन’वर जाऊन आलेला जवान नवलाचा नाही. त्याच्या घरच्या भिंतीवर निळी टोपी घातलेले छायाचित्रही असते. आता तशी छायाचित्रे मुलींचीही लागतील. जानेवारी २०२३ मध्ये भारताने सुदान व दक्षिण सुदान यांच्या सीमेवरील अबेई येथे महिलांची प्लाटून धाडली, लायबेरियानंतरची सर्वांत मोठी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी सतरा मुली प्रथमच मुलांबरोबर शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने दार उघडले नसते तर हे घडले नसते.

तथापि मुली आल्या म्हणजे विषय सुटला, ही समजूत घातक आहे. ठराव १३२५ चा अर्थ ‘काही बायका भरती करा’ एवढाच लावणे अनेक सैन्यांना सोयीचे वाटते, कारण त्यामुळे पुरुषांना काही शिकावे लागत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२८ पर्यंत लष्करी तुकड्यांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा १५ व निरीक्षकांत शेकडा २५ करण्याचे ठरविले आहे. ते साधले तरी तुकड्यांतील शंभरापैकी पंच्याऐंशी पुरुषच असणार. शिकवावयाचे ते प्रामुख्याने त्यांनाच. आणि येथे एक लाजिरवाणी गोष्ट सांगणे भाग आहे. रक्षणास गेलेल्या शांतिसैनिकांनीच अन्नाच्या वा पैशाच्या मोबदल्यात स्त्रियांचे व अल्पवयीन मुलींचे शोषण केल्याची प्रकरणे एकाहून अधिक देशांत उघडकीस आली. म्हणून २००३ साली महासचिवांनी कडक नियम जारी केले. अठरा वर्षांखालील व्यक्तीशी शरीरसंबंध वर्ज्य, मग तेथील कायदा काहीही म्हणो. पैसा, नोकरी किंवा वस्तू देऊन मिळविलेला संबंधही वर्ज्य. हे नियम प्रत्येक जवानाला निघण्यापूर्वी शिकविले जातात. परंतु गुन्ह्याचा खटला चालतो तो जवानाच्या स्वतःच्या देशात, आणि तेथेच हे प्रकरण पुष्कळदा थंडावते. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, या प्रश्नाला वर्गात अजून समाधानकारक उत्तर नाही.

सैनिकाइतकीच या शिक्षणाची गरज मुलकी अधिकाऱ्याला आहे, हे सहसा लक्षात येत नाही. शेजारच्या नेपाळचे उदाहरण बोलके आहे. १९९६ ते २००६ या दहा वर्षांच्या सशस्त्र संघर्षानंतर तेथील सरकारने संघर्षपीडितांना तातडीची मदत देण्यास सुरुवात केली. कोणाचा मुलगा मेला, कोणाचा नवरा बेपत्ता झाला, कोणाचे घर जळाले, या सर्वांसाठी रकाने होते. बलात्कार झालेल्या स्त्रीसाठी रकाना नव्हता. जिल्हा कचेरीतील कारकून दुष्ट नव्हता. त्याच्या नमुन्यात जे नव्हते ते त्याने लिहिले नाही, एवढेच. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांनी माओवादी लढवय्यांची पडताळणी केली, तेव्हा १९,६०२ जणांत ३,८४६ स्त्रिया निघाल्या. म्हणजे स्त्रिया केवळ पीडित होत्या असेही नव्हे. त्या लढल्याही होत्या आणि लढाई संपल्यावर त्यांचे काय करावयाचे हा प्रश्नही मुलकी खात्यांपुढे होता. २०११ साली नेपाळने ठराव १३२५ व १८२० यांच्या अंमलबजावणीची राष्ट्रीय योजना आखली. दक्षिण आशियातील अशी ती पहिली योजना होय. मुख्य जिल्हा अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या नेमल्या गेल्या. २०१९ मध्ये बांगलादेशानेही योजना केली. जगात पहिली महिला पोलीस तुकडी धाडणाऱ्या भारताने मात्र २०२४ अखेरपर्यंत अशी स्वतंत्र योजना केलेली नव्हती. परदेशी जाणाऱ्या सैनिकाला जे शिकवावयाचे ते देशातल्या तहसीलदाराला का शिकवू नये, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

या विषयावरचे वारे फिरतेही आहे. अमेरिकेने २०१७ साली या विषयावर स्वतंत्र कायदा केला आणि आपल्या सैन्यास, परराष्ट्र खात्यास व मदतकार्याच्या खात्यास असे प्रशिक्षण देणे बंधनकारक ठरविले. एप्रिल २०२५ मध्ये तेथील संरक्षणमंत्र्यांनी आपल्या खात्यातील हा कार्यक्रम संपविल्याचे घोषित केले. सैन्याचे लक्ष युद्धावरून ढळते, हे त्यांचे कारण. कायदा कायम असल्यामुळे त्याने सांगितलेले किमान तेवढे करावे लागेल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. ज्या अधिकाऱ्याने बाजारातील बायकांची संख्या टिपून हल्ल्याचा अंदाज बांधला असेल, त्याला हे कारण पटणे कठीण आहे.

पूर्व काँगोत मार्च २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात भारतीय पलटणीच्या संपर्क तुकडीचे नेतृत्व मेजर राधिका सेन यांच्याकडे होते. त्या हिमाचल प्रदेशच्या, जैवतंत्रज्ञानाच्या पदवीधर. रुविंदीच्या परिसरातील गावांत जाऊन त्यांच्या तुकडीने बायकांशी बोलणे सुरू केले, मुलांना इंग्रजी शिकविले, आणि एका गावातील स्त्रियांना आपले प्रश्न एकत्र येऊन मांडण्यास उद्युक्त केले. २०२३ सालचा पुरस्कार त्यांना मिळाला. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ नावाच्या बंडखोर संघटनेने त्या प्रांताचे मुख्य शहर गोमा हस्तगत केले. कोणत्याही वर्गात शिकविलेल्या विद्येने शहर राखले जात नाही. परंतु तुकडी बदलताना जाणारा अधिकारी येणाऱ्याच्या हाती शस्त्रांची व गाड्यांची जी यादी देतो, तिच्याबरोबर आता आणखी एक वही द्यावी, असे सांगितले जाते. तीत कोणत्या गावात कोणत्या बाईशी कोणत्या दुभाषिणीमार्फत बोलावयाचे, आणि कोणत्या वारी ती सरपणास जाते, हे लिहिलेले असते.